तीस घरांच्या मंडळीत सभासद होताना

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या मोठ्या चर्चमध्ये वाढलेलं कुटुंब नोकरीच्या बदलीमुळे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आलं आहे. तिथली मराठी मंडळी, म्हणजे चर्चचा स्थानिक समाज, तीस-बत्तीस घरांची. पाळकसाहेबांकडे चार गावं असल्यामुळे ते महिन्यातून एक-दोनदाच येतात. तिथं सभासद व्हावं की दर रविवारी गाडी काढून शहरातल्या चर्चला जावं? आणि सभासद झालं तर काय वाट्याला येतं?

सभासद व्हा. शहरात गायनसंघ चांगला असेल, संदेशही चांगला मिळेल, त्यात वाद नाही. पण मुलाच्या तापामुळे तुमचे दोन रविवार चुकले तर तिथं कुणाच्या ध्यानातही येणार नाही. तीस घरांत ते त्याच दुपारी कळतं आणि चारच्या सुमारास कुणीतरी दारात उभं असतं. लहान मंडळीत जादा माणूस कुणीच नसतं. तिथली बहुतेक सुखं यातूनच येतात आणि बहुतेक दुखणीही यातूनच.

आधी त्या भागातल्या मंडळ्यांची घडण समजून घ्या, म्हणजे पुढचे निम्मे गैरसमज टळतील. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला त्यांचं ठाणं झालं. ही परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे महत्त्वाचा निर्णय मंडळीच्या सभेत होणार. जिल्ह्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, मिशनचंही काम होतं, आणि तिथं बिशपचा अधिकार मोठा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि हे दोन्ही प्रवाह एका घरात आले. म्हणूनच एखाद्या गावात म्हातारी माणसं अजून ‘सभेत ठरवू’ म्हणतात, तर शेजारच्या गावात ‘बिशपसाहेबांना विचारू’. बालबाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा हे दोन्ही या चर्चमध्ये मान्य आहेत, त्यामुळे त्यावरून कुणाला हिणवू नका. आपल्या मंडळीचा मूळ प्रवाह कोणता, हे एखाद्या जुन्या सभासदाला पहिल्या महिन्यातच विचारून घ्या. ते आनंदाने सांगतात, आणि ओळख व्हायला याहून चांगला विषय नाही.

पाळक नसलेल्या रविवारी उपासना चालवायची कशी, यावर मंडळीचा जीव टिकून असतो. ती सभासदांनी चालवायची असते आणि नीट वाटून दिली तर सुंदर होते. एकूण वेळ सव्वा तासाच्या वर नको. एकाने उपासना चालवायची, दोघांनी वचनं वाचायची, एकाने मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठीची, प्रार्थना करायची आणि एकाने संदेश द्यायचा. संदेश पंधरा ते अठरा मिनिटांचा पुरे. सवय नसलेला माणूस त्यापुढे गेला की तेच तेच फिरवू लागतो आणि लोक घड्याळ बघायला लागतात. तीन महिन्यांची पाळी कागदावर लिहून दाराशी लावा आणि प्रत्येक कामापुढे दोन नावं घाला, एक मुख्य आणि एक बदली. आयत्या वेळी ‘आज कोण घेणार?’ असं विचारत राहिलं की दर वेळी तोच एक माणूस उठतो. दोन वर्षांत तो थकतो, किंवा मग उपासना आपलीच आहे असं त्याला वाटू लागतं. दोन्हींत मंडळीचं नुकसान आहे.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वचन वाचायला अवश्य द्या. मात्र उतारा शुक्रवारीच द्यावा, घरी तीनदा मोठ्याने वाचून घ्यावा आणि ‘नबुखद्नेस्सर’सारखं नाव आधी तोडून शिकवावं. मोठ्या चर्चमध्ये ज्या मुलाला वर्षातून एकदा नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला मिळतं, तो इथं महिन्याला एकदा व्यासपीठावर उभा राहतो. अशी मुलं बोलायला घाबरत नाहीत.

गाण्याचं थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण वीस-पंचवीस गळ्यांत एक जरी भरकटला तरी सगळ्यांना ऐकू जातं. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात दोन तऱ्हेची गीतं आहेत. काही पाश्चात्त्य चालींवरची, चार आवाजांसाठी बांधलेली. तर काही देशी चालींची, अभंग-ओवीच्या वळणाची. दुसऱ्या तऱ्हेत नारायण वामन टिळकांचा (१८६१–१९१९) वाटा मोठा आहे, आणि लहान मंडळीने त्यांचे उपकार मानावेत. पाश्चात्त्य चाल गायनसंघाशिवाय लुळी पडते. देशी चाल पेटी, तबला आणि एक जोडी झांज एवढ्यावर उभी राहते, आणि ध्रुवपद सगळ्यांनी उचलल्यामुळे कच्चे गळेही त्यात सामावून जातात. दर रविवारी चार गीतं धरा, तीन पाठ असलेली आणि एक नवीन. नवीन गीत सलग चार रविवार घ्या, तरच ते बसतं.

नेहमी घोळ होतो तो पट्टीचा. पेटीवाला आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि अंतऱ्याला पोचेपर्यंत निम्मी मंडळी गप्प होते. उपाय सोपा आहे. उपासनेआधी अंतऱ्यातला सर्वांत उंच स्वर एका साध्या, न शिकलेल्या गळ्याकडून म्हणवून घ्यायचा. तो ओढून-ताणून लागत असेल तर पट्टी एक-दोन स्वरांनी खाली आणायची. पेटीवाल्याला ते गैरसोयीचं होईल, पण पेटी मंडळीसाठी आहे. कीबोर्डमधला तयार ठेका सहसा वापरू नका. म्हाताऱ्या बायका ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला थांबतात, मशीन थांबत नाही.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, दीक्षित पाळकांशिवाय होत नाही, म्हणून महिन्यातला तो एक रविवार कधी आहे हे वर्षाच्या सुरुवातीलाच पाळकसाहेबांकडून लिहून घ्या. इथली तयारी अगदी साधी असते आणि तीच चुकते. चाळीस जण भोजन घेणारे असतील आणि लहान पेल्यात साधारण दहा मिलिलिटर रस धरला, तर चारशे मिलिलिटर लागतं, म्हणून अर्धा लिटर करा. पाव किलो काळ्या मनुका धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर निम्मं पाणी आटेपर्यंत उकळायच्या, चुरगळून स्वच्छ फडक्यातून गाळायच्या आणि रस गार करून फ्रिजमध्ये ठेवायचा. उन्हाळ्यात शनिवारी दुपारी केलेला रस बाहेर राहिला तर रविवारपर्यंत आंबूस होतो, आणि पहिल्या रांगेतल्या लेकराच्या चेहऱ्यावर ते आधी दिसतं. त्यामुळे रस शनिवारी संध्याकाळी करावा. हे काम दोन घरांनी शिकून ठेवावं. एकाच बाईंना येत असेल तर त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या की पंचाईत होते.

आता पैसा. लहान मंडळ्यांत पैसे खाल्ल्यावरून जितकी भांडणं होतात, त्याच्या कितीतरी पट ती नीट न लिहिल्यावरून होतात. नेहमीचं चित्र असं असतं: खजिनदार प्रामाणिक आहे, उपासनेनंतर घाई आहे, म्हणून तो अर्पणाची थैली घरी नेऊन मोजतो. झाडूवालीचे दोनशे आणि बल्बचे दीडशे परस्पर त्यातूनच देतो आणि उरलेली रक्कम वहीत मांडतो. एक रुपया इकडचा तिकडे झालेला नसतो, पण सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं, ‘त्या रविवारी तर पाचशेच्या दोन नोटा दिसल्या होत्या?’ मग वीस वर्षांची सेवा एका वाक्यात मातीमोल होते. म्हणून पद्धत बांधून घ्या. मोजणी उपासना संपल्याबरोबर, देवळातच (म्हणजे चर्चच्या इमारतीतच) व्हावी. मोजणारे दोघं असावेत, एकाच घरातले किंवा सोयरे नसावेत. कोणत्या किमतीच्या किती नोटा ते चिठ्ठीवर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पूर्ण रक्कम मंगळवारपर्यंत बँकेत भरावी आणि प्रत्येक खर्च वेगळा, पावतीसह काढावा. महिन्याचा जमाखर्च एका पानावर दाराशी लावावा. बँक खात्यावर तीन जणांच्या सह्यांचे नमुने असावेत आणि त्यातल्या कुठल्याही दोघांच्या सहीने व्यवहार व्हावा.

हिशेबाचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, बत्तीस घरांपैकी वीस घरं महिन्याला सरासरी तीनशे रुपये पाकिटातून देतात, ते झाले सहा हजार. रविवारच्या थैलीत सरासरी नऊशे, म्हणजे चार रविवारांचे तीन हजार सहाशे. एकूण नऊ हजार सहाशे. पाळकांच्या पगाराचा वाटा पाच हजार, वीज नऊशे, साफसफाई आठशे आणि बाकी किरकोळ पाचशे गेले की उरतात दोन हजार चारशे. छताच्या पत्र्यांचं काम एक लाखाचं निघालं तर या गतीने साडेतीन वर्षं लागतील. त्यामुळे दुरुस्तीचा पैसा नेहमीच्या अर्पणातून येईल या भरवशावर राहू नका. त्यासाठी कापणीचा सण आहे.

कापणीच्या सणाला बाजरीचं पोतं, गावठी अंडी, कोंबडी, भोपळा, घरचं लोणचं असं सगळं वेदीपुढे मांडलं जातं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एका लिंबाची बोली पाचशेवर जाते आणि सगळे हसत असतात. मंडळीच्या वर्षातला हा सर्वांत आनंदाचा दिवस. गडबड होते ती उधारीत. भरात बोली लावली जाते, खिशात तेवढे नसतात, आणि मार्चमध्ये वसुलीला जाणं म्हणजे नातं तोडणं. बोली सुटताच नाव, वस्तू आणि रक्कम लिहायला एक माणूस बसवा. रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर महिन्याभरात, हे लिलावाआधीच जाहीर करा. बोलीत कुणाला टोचून चढवायला लावू नका. ज्याच्या घरी यंदा पीक नाही, त्याची मूठभर ज्वारीसुद्धा त्याच टेबलावर मांडली गेली पाहिजे.

दुरुस्तीवर खर्च करण्याआधी जागा कुणाच्या नावावर आहे ते पाहा. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका काढा. पुष्कळ ठिकाणी देऊळ मंडळी वापरते, पण जमीन वरच्या संस्थेच्या किंवा जुन्या मिशनच्या ट्रस्टच्या नावावर असते, आणि मग भिंत वाढवायलाही त्यांची लेखी परवानगी लागते. मंडळीचा स्वतःचा नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. विश्वस्त बदलल्यापासून नव्वद दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा, दर वर्षी हिशेब तपासून घ्यायचे आणि स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यायची. बदल अर्ज न दिल्याने कागदावर मेलेलीच माणसं विश्वस्त राहतात, मग बँक सह्या बदलत नाही आणि सगळं अडतं. तुम्हाला कागदपत्रांची सवय असेल तर मंडळीला तुमचा पहिला उपयोग इथं होईल.

सभासद वहीत नाव घालण्यावरून एक अवघडलेपण असतं, ते समजून घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही मिळतो. दलित ख्रिस्ती त्यात येत नाहीत. म्हणून काही घरं वर्षानुवर्षं उपासनेला येतात, पण वहीत नाव घालत नाहीत. त्यांच्यावर दबाव आणू नका, चारचौघांत विषय काढू नका आणि कुणालाही खोटा दाखला देऊ नका. सभेत मताचा हक्क मात्र वहीतल्या सभासदांनाच असतो, हे प्रेमाने आणि आधीच सांगावं.

बायकांची घरोघरची प्रार्थनासभा हा मंडळीचा खरा कणा. एका आठवड्यात एक घर, दुपारी तीन ते साडेचार. ही सभा मोडते ती फराळामुळे. एका घरी चहा-बिस्किट, पुढच्या घरी पोहे, त्याच्या पुढच्या घरी गुलाबजाम. मग जिला तेवढं परवडत नाही ती ‘आमच्याकडे पाहुणे आहेत’ म्हणून पाळी पुढे ढकलते आणि हळूहळू यायचीच बंद होते. नियम करून टाका, फक्त चहा आणि बिस्किट, नाताळातसुद्धा. श्रीमंत घराला जरा रुखरुख लागेल, पण यादीत सगळी घरं राहतील.

याच सभेत प्रार्थनेच्या निमित्ताने घरातल्या गोष्टी बाहेर पडतात, आणि लहान मंडळीतलं हे सर्वांत मोठं दुखणं आहे. ‘अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा’ एवढं म्हटलं तरी संध्याकाळपर्यंत कारण गावभर होतं. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला आधी विचारा. आजाराचं नाव, पैशाचा आकडा, नवरा-बायकोतली गोष्ट प्रार्थनेत उच्चारू नका. देवाला ती माहीतच आहे.

तालुक्याच्या मंडळीत सगळे एकमेकांचे सोयरे असतात. एकाला दुखावलं तर पाच घरं उपासनेला यायची बंद होतात, म्हणून लोक बोलतच नाहीत आणि राग साठत जातो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम (१५ ते १७ ओव्या) अक्षरशः पाळा. आधी दोघांनीच एकांतात बोलायचं, नाही मिटलं तर एक-दोघांना बरोबर घ्यायचं, आणि मगच मंडळीपुढे. बरोबर घ्यायची माणसं दोन्ही घरांच्या नात्याबाहेरची हवीत. गावात तशी नसतील तर शेजारच्या मंडळीतले एखादे वडील बोलवा. व्यासपीठावरून टोमणा मारणं हा सर्वांत वाईट मार्ग. ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नाही, आणि ती जखम बापाकडून लेकाकडे जाते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या निवडीत एका घरातून एकच माणूस आणि सलग दोन मुदतींनंतर एक मुदत विश्रांती, एवढं धरलं तर निम्मी भाऊबंदकी दाराबाहेर राहते.

मुलांच्या बाबतीत ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून सूट देऊ नका. रविवारच्या शाळेत एका खोलीत दोन मोठी माणसं हवीतच आणि दार उघडं हवं. मुलाला एकट्याला कुणीही गाडीवर किंवा घरी नेऊ नये. लैंगिक छळाचा प्रकार कळला तर पॉक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पंचांची बैठक घेऊन तो मिटवता येत नाही. मंडळी सोडायला सबळ कारण कोणतं, तर असा प्रकार दाबला जाणं, किंवा हिशेब विचारणाऱ्याला अविश्वासू ठरवणं. गाणं बेसूर आहे, संदेश साधा आहे, ही कारणं नव्हेत.

लग्नाबद्दल एवढंच, की कार्यालय बुक करण्याआधी पाळकांची तारीख घ्या. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली चर्चमधलं लग्न तसा अधिकार असलेले पाळकच लावू शकतात आणि दोन साक्षीदार लागतात. आसपास असे एकच पाळक असतील तर मे महिन्यात त्यांच्या तारखा मिळणं कठीण.

मयतीत मात्र लहान मंडळीची बरोबरी कुणाला करता येणार नाही. निरोप गेल्यापासून अर्ध्या तासात चार कामं चार घरं उचलतात: पाळकांना फोन, डॉक्टरांचा दाखला, शवपेटी आणि खड्डा. खड्डा साधारण साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, पाच फूट खोल. नगरकडच्या मुरमात पहार लागते आणि तीन-चार तास जातात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या कडा ढासळतात, म्हणून फळ्या टेकवून ठेवायच्या आणि पेटी उतरवणाऱ्यांनी कडेवर उभं राहायचं नाही. दोर दोन, जाड आणि सारख्या लांबीचे. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. ते काम तिसऱ्या दिवशी चिटणिसाने घरच्यांबरोबर जाऊन करावं. त्या घराची चूल तीन दिवस पेटू द्यायची नाही: सकाळचा चहा एका घरचा, दुपारच्या भाकरी दुसऱ्या घरच्या, रात्रीची खिचडी तिसऱ्या. कुणी यादी करत नाही, तरी डबे एकाच वेळी येत नाहीत. तुमचा डबा ज्या दिवशी त्या रांगेत लागेल, त्या दिवशी तुम्ही तिथले झालात असं धरा.

आता तुमच्यापुरतं. पुण्याच्या चर्चकडून सभासदत्व बदलीचं पत्र घ्या. त्यात बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) तारखा असाव्यात. पत्र चिटणिसांकडे द्या, ते पुढच्या रविवारी वाचून दाखवलं जाईल. शिकलेली माणसं आली म्हणून महिन्याभरात तुम्हाला खजिनदार करायचं घाटेल, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा आणि वर्षभर एकच लहान काम घ्या: मोजणीतला दुसरा माणूस, किंवा सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग. ‘आमच्या पुण्याच्या चर्चमध्ये’ हे शब्द सहा महिने तोंडातून काढू नका. रविवारी पंधरा मिनिटं आधी पोचा. त्या वेळी सतरंज्या झटकून अंथरायच्या असतात, पेटीवरचं फडकं काढायचं असतं आणि एखाद्या आजींना पायरी चढायला हात हवा असतो.